महिन्याला २५० युनिट वापर असताना घरावर ५ किलोवॉटचं सोलर बसवणं परवडेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: साताऱ्यात स्वतःचं दुमजली घर, घरात चार माणसं, महावितरणचं बिल सरासरी २५० युनिटांचं. एजन्सीवाल्याने ५ किलोवॉटचं कोटेशन दिलंय ३ लाख १० हजारांचं. अनुदान मिळेल, बिल शून्य होईल, असं त्याचं म्हणणं. आणि आई म्हणतात, गच्ची गेली तर पापड-कुरडया कुठे वाळवायच्या?

सोलर बसवा, पण ५ किलोवॉट बसवू नका. तुमच्या वापराला २ किलोवॉट पुरतं, फार तर ३. आमच्या मिरजेच्या घरावर ३ किलोवॉट आहे आणि ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांची बिलं मी समोर घेऊन बसलोय. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. सोलर परवडतं की नाही, याचं सरसकट उत्तर नसतं. पहिला किलोवॉट भरपूर पैसे वाचवतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी, आणि त्यापुढचे जवळपास नुसतेच गच्चीवर बसून राहतात. एजन्सीवाले मात्र पाचही किलोवॉट एकाच भावाने मोजून दाखवतात.

तुमच्याकडे आलेल्या माणसाने बहुतेक हा हिशेब मांडला असेल: ५ किलोवॉट गुणिले दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला ६०० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला ७,२०० रुपयांची बचत. यातली वीजनिर्मिती फारशी खोटी नाही. पण तुम्ही ६०० युनिट वापरतच नाही. जी वीज तुम्ही विकत घेत नव्हता, तिच्यावर १२ रुपये वाचणार कुठून?

आता बिल हातात घ्या. मागच्या बाजूला टप्पे दिलेले असतात: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. शंभर युनिटं ओलांडली की दर जवळपास दुप्पट होतो. वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून खालच्या टप्प्याचं युनिट साधारण ७ रुपयांना आणि वरच्या टप्प्याचं साडेबारा रुपयांच्या आसपास पडतं असं धरू. तुमच्या बिलावर जो आकडा निघेल तो घाला, पद्धत तीच राहील.

वर्षाला तुमची ३,००० युनिटं होतात. त्यातली १,२०० स्वस्त आणि १,८०० महाग. आपल्या भागात १ किलोवॉट वर्षाला १,४०० युनिटांपर्यंत देतो. धूळ, ढग, पॅनलचं वय हे सगळं लक्षात घेऊन मी १,३०० च धरतो.

पहिल्या किलोवॉटची १,३०० युनिटं सगळीच्या सगळी महागड्या टप्प्यातून वजा होतात. वर्षाला १६,००० रुपये वाचले. दुसऱ्या किलोवॉटची ५०० युनिटं महाग टप्प्यातून जातात, उरलेली ८०० स्वस्त टप्प्यातून. म्हणजे पावणेबारा ते १२ हजार. तिसऱ्याला वजा करायला तुमची ४०० च स्वस्त युनिटं शिल्लक राहतात, त्याचे २,८०० रुपये. बाकीची ९०० युनिटं जास्तीची. ती ३१ मार्चला, म्हणजे वर्षाचा हिशेब बंद होताना, शिल्लक असतील तर महावितरण विकत घेतं, पण किरकोळ दराने. तीन रुपये धरले तर २,७०० होतात. म्हणजे तिसऱ्या किलोवॉटचे वर्षाला साडेपाच हजार. चौथा आणि पाचवा मिळून २,६०० युनिटं, तीही सगळी जास्तीची. त्यांचे जेमतेम ७,८००.

आता खर्च. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. एकूण ७८,००० वर गाडी थांबते. चौथ्या-पाचव्याला एक रुपयाही नाही. २ किलोवॉट १ लाख ३५ हजारांना बसलं तर अनुदान वजा जाता तुमचे ७५,००० लागतात आणि वर्षाला २८,००० च्या आसपास वाचतात. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. तिसऱ्यासाठी वरचे ५५,००० लागले तर अनुदान वजा जाऊन ३७,००० तुमच्या खिशातून, त्यांना फिटायला सात वर्षं. आणि तुमच्या कोटेशनमधले शेवटचे दोन किलोवॉट १ लाख २० हजारांचे. त्यांना पंधरा वर्षं लागतील. तोवर इन्व्हर्टरही, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बदलावा लागलेला असेल.

तिसऱ्या किलोवॉटचा विचार एकाच कारणासाठी करा. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात एसी, विजेवर चालणारी स्कूटर किंवा इंडक्शन शेगडी येणार असेल तर. वापर २५० वरून ३५० वर गेला की तिसऱ्याची युनिटंही घरातच खपतात आणि हिशेब पार बदलतो. नुसतं 'पुढेमागे लागेल' म्हणून मात्र नको. इन्व्हर्टर थोडा मोठा घेतला तर एक-दोन पॅनल नंतर वाढवता येतात. त्यासाठी मंजुरी पुन्हा घ्यावी लागते, एवढंच.

'बिल शून्य' या शब्दावर विसंबू नका. स्थिर आकार प्रत्येक महिन्याला येतोच, एक युनिटही न वापरलं तरी.

नेट मीटरिंगचं चक्र नीट समजून घ्या, कारण फायदा तिथेच आहे. दिवसा तुमच्या गच्चीवरून ग्रीडमध्ये, म्हणजे महावितरणच्या तारांत, गेलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून वजा होतं. महिन्याअखेरीस जास्तीची उरली तर पुढच्या महिन्याच्या खात्यात जातात, आणि हे खातं ३१ मार्चला बंद होतं. आपल्या हवामानाला ही तारीख सोयीची आहे. एप्रिल-मेमध्ये पॅनल भरपूर वीज देतात, ती शिल्लक जुलै-ऑगस्टच्या झडीत कामाला येते. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे एप्रिलच्या स्वच्छ दिवशी ३ किलोवॉटवर १३-१४ युनिटं पडतात, आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरून आलं की तीन-चारवर येतात. म्हणून पहिल्या पावसाळ्यात मोबाइलवरचं ॲप बघून घाबरू नका. वर्ष पुरं झाल्यावर बघा.

दर आणि नेट मीटरिंगचे नियम वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत असतात. दिवसाची वीज दिवसाच्याच वापरात वजा करावी, हा विषय अधूनमधून डोकं वर काढतो. उद्या काहीही ठरलं तरी ज्याने आपल्या वापराएवढंच बसवलंय आणि वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री दिवसा चालवायची सवय लावलीय, त्याचं नुकसान कमी होईल. मोठी सिस्टीम घेणारा विकलेल्या युनिटांच्या भरवशावर असतो, आणि त्यांची किंमत त्याच्या हातात नसते.

वीज गेली की सोलर चालेल का? नाही. हे न सांगताच बरेच जण सिस्टीम विकतात, याचा मला फार राग येतो. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट जाताच स्वतः बंद होतो, भर दुपारी बारा वाजता कडक ऊन असलं तरी. आणि ते योग्यच आहे. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. भारनियमनाचा त्रास असेल तर घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर ठेवा. बॅटरीसकट हायब्रिड सिस्टीम घेतली तर खर्च खूप वाढतो आणि वर मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो.

आता गच्ची. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट लागतात. पाचला ५००, दोनला २००. तुमच्या आईंचा प्रश्न म्हणजे नुसती तक्रार नाही. छोटी सिस्टीम घेतली की निम्म्याहून जास्त गच्ची मोकळी राहते आणि उन्हाळी कामं पूर्वीसारखीच होतात. 'सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर करू, खालची जागा वापरा,' असं सांगतील. पण खाली सावली पडणार, तिथे कुरडया वाळणार नाहीत. शिवाय उंच स्ट्रक्चरवर वाऱ्याचा जोर जास्त येतो, लोखंड जास्त लागतं, पायेही भक्कम लागतात.

जागा ठरवताना सावली बघा. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, थोडे कलते बसवतात. एका ओळीतले पॅनल मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटू शकते. एजन्सीवाला मे महिन्यात बारा वाजता येऊन 'सावली नाही' म्हणेल, तेव्हा ती कुठेच नसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांब पडतात. टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्यांचा नारळ, यांची सावली डिसेंबरात सकाळी नऊला आणि दुपारी तीनला कुठपर्यंत येते ते बघा. तेवढं थांबायचं नसेल तर त्याच्याकडून डिसेंबरच्या सावलीचा नकाशा मागा. आजकाल संगणकावर तो लगेच निघतो.

देखभाल म्हणजे मुख्यतः धुणं. उसाच्या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी गच्चीभर पसरते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पॅनलवर बोट फिरवलं तर काळं होतं, आणि धुतल्यावर त्याच उन्हात ॲपवरचा आकडा चढलेला दिसतो. तुमच्याजवळ कारखाना असेल तर महिन्यातून दोनदा धुवावं लागेल. सकाळी लवकर धुवा, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. बोअरचं जड पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि पुढे ते निघत नाहीत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच ओतू नका. वय झालेल्या माणसाला ओल्या गच्चीवर हे काम करायला लावू नका, एवढं मात्र माझं ऐका.

पॅनलची वीज दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते. हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. दहा-बारा वर्षांनी तो बदलायचा खर्च येईल, म्हणून २५-३० हजार मनात धरून ठेवा.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं? पॅनल डीसीआर आहेत, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले आहेत, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. अनुदान त्यांच्यावरच मिळतं. स्ट्रक्चर गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचं असावं. नुसता चंदेरी रंग मारलेलं आपल्या पावसात गंजतं. अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: पॅनलच्या बाजूचं, घराच्या वीजबाजूचं आणि आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं. पाये उभे करताना स्लॅबला भोकं पाडणार असतील तर वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कोणाची, हेही त्याच कागदावर यायला हवं. गळती लागली की बचतीचे पैसे गवंड्याला जातात. अनुदान तुमच्या बँक खात्यात नंतर जमा होतं, आधी पूर्ण रक्कम तुम्हालाच द्यावी लागते. हाताशी पैसे नसतील तर सरकारी बँका या योजनेखाली ३ किलोवॉटपर्यंत विनातारण कर्ज देतात. त्याचा व्याजदर नेहमीच्या वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो. दोन किलोवॉटचा हप्ता बऱ्याचदा वाचलेल्या बिलातूनच निघतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांना हा हिशेब लागू नाही. तिथे सगळी युनिटं स्वस्त टप्प्यातलीच असल्यामुळे वसुलीला जास्त वर्षं लागतात आणि एक किलोवॉटच्या वर जाण्यात अर्थ नसतो. भाड्याच्या घरात असाल तर सोडून द्या. फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची असते. तिथे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीनेच सोलर घ्यावं. त्याला किलोवॉटमागे १८,००० रुपयांचं अनुदान आहे.

शेवटी एक काम आजच करा. वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. जुन्या घरांत ते बरेचदा आजोबांच्या नावावर असतं आणि अर्ज तिथेच अडतो. तसं असेल तर आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, मग सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज भरा. तोवर २ आणि ३ किलोवॉटची वेगवेगळी कोटेशनं किमान तीन नोंदणीकृत एजन्सींकडून मागवा, आणि पाचचं घेऊन आलेल्याला मागच्या बारा महिन्यांची बिलं दाखवून विचारा, माझी चौथ्या-पाचव्या किलोवॉटची युनिटं कोण आणि काय भावाने घेणार, ते या कागदावर लिहून द्या.