अन-, इन-, हायपर-: यादी पाठ करण्याआधी घराणं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी उपसर्गांची यादी पाठ करताय, पण ‘अनस्टेबल’ला अन- आणि ‘इन्स्टॅबिलिटी’ला इन- का, ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं का नाही, हायपर आणि हायपोचा गोंधळ कसा टाळायचा, आणि ‘प्रीपोन’ लिहिलं तर चालेल का.

आधी ती यादी मिटवून ठेवा. इंग्रजीत उपसर्ग मुख्यतः तीन घरांतून आलेत. अन-, ओव्हर-, अंडर-, आउट- हे मूळ घरचे. इन-, री-, प्री-, सब-, इंटर- हे लॅटिनचे. त्यातले बरेचसे 1066 साली फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत फ्रेंचमधून शिरले. आणि अँटी-, हायपर-, पेरी- हे ग्रीक, विद्वानांनी आणि वैद्यांनी आणलेले. उपसर्ग कुठल्या घरचा हे कळलं की निम्मे ‘अपवाद’ अपवाद राहत नाहीत.

‘अनस्टेबल’चंच बघा. घरचा अन- मोकळा आहे, जवळपास कुठल्याही विशेषणाला जाऊन चिकटतो, मग ते लॅटिन का असेना. इन- मात्र बहुतेक वेळा शब्दासकट तयार माल म्हणून आला. म्हणून विशेषणात अन- आणि नामात इन- अशा जोड्या सापडतात: अनएबल-इनॲबिलिटी, अनइक्वल-इनइक्वॉलिटी, अनजस्ट-इनजस्टिस. एवढ्या जोड्या लक्षात ठेवल्या तरी गाळलेल्या जागांचे दोन-चार मार्क सुटतात.

इन- लॅटिनमध्ये दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. टँकरच्या मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं त्यातला हा दुसरा. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं. लोक पहिला समजून फसतील, या भीतीने अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी 1920च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. तेव्हा दोन्हींचा अर्थ एकच, ज्वालाग्राही. आपले टँकर जुनंच लिहितात.

या दोन्ही इन-चं पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं: इन + लीगल = इल्लीगल. शाळेत संधी शिकताना उत् + लेख = उल्लेख केलं होतं ना, तोच प्रकार. स्पेलिंगमधली जोडअक्षरं इथूनच येतात. ‘ॲकॉमोडेट’मध्ये दोन सी आणि दोन एम का? कारण पुढे एक सोडून दोन उपसर्ग आहेत, ॲड- आणि कॉम-. ॲड-मधला डी पुढच्या सीमध्ये विरघळला, म्हणून दोन सी. कॉम-चा एम आणि मूळ शब्दाचा एम मिळून दोन एम. ‘इमिग्रंट’मध्येही बाहेरून आत येणाऱ्याला दोन एम (इन + मायग्रेट), देश सोडून जाणाऱ्याला एकच, कारण तिथे एक्स- आहे.

आता हायपर-हायपो. थायरॉइडच्या रिपोर्टवर यातला एक शब्द घरोघरी येतो आणि फोनवर सांगताना हमखास उलटा होतो. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ही एका मुळाची भावंडं, हे संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात मांडलं. त्या हिशेबाने ग्रीक हायपो- म्हणजे आपला उप, आणि हायपर- म्हणजे उपरि. ग्रीकमध्ये आरंभीच्या उ-ला ह चिकटायचाच, एवढाच फरक. आणि उपरि-पासून प्राकृतातून झिजत मराठीत आलं ‘वर’. म्हणजे हायपर-, लॅटिन सुपर-, इंग्रजी ओव्हर आणि आपलं साधं ‘वर’ ही एकाच कुटुंबातली. मला विचाराल तर या विषयातलं हे सगळ्यात देखणं नातं. एकदा कळलं की हायपर म्हणजे पातळी वर, हायपो म्हणजे खाली, हे चुकायचं नाही.

अशी भावंडं आणखी आहेत: पेरी- आणि परि (पेरिमीटर, परिमिती), इंटर- आणि अंतर्, डिस्पेप्सियातला (अपचन) डिस- आणि दुस्. हा डिस- ग्रीक बरं का. ‘डिसऑनेस्ट’मधला लॅटिन, तो वेगळा. नकाराचा अन-, इन- आणि ग्रीक अ-/अन- हे आपल्या अ-/अन्-चेच. ग्रीकचा नियमही तोच, व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्. ‘अनार्की’त अन् आहे, ‘अराजक’मध्ये अ.

पण दिसायला सारखं ते नात्यातलंच असं धरू नका. ‘अनडू’, ‘अनलॉक’मधला अन- नकाराचा नाहीच. तो केलेलं उलटवणारा, जर्मन एन्ट- आणि ग्रीक अँटी-च्या कुळातला. अँटी- आणि अँटे- यांतही गल्लत होते. घड्याळातल्या ए.एम.मधला ए हा अँटे-, म्हणजे ‘आधी’: अँटे मेरिडिएम, माध्यान्हीपूर्वी. पी.एम.मधला पी म्हणजे पोस्ट, नंतर.

राहिला ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेलं आधी घेणं. पोस्टपोनमध्ये पोस्ट- म्हणजे नंतर आणि पुढचा भाग लॅटिन ‘ठेवणे’. त्याच साच्यात आपल्याकडे प्रीपोन पाडला गेला. बनावट म्हणून त्यात खोट काढता येत नाही, ऑक्सफर्डने भारतीय इंग्रजीतला म्हणून शब्दकोशात घेतलाय. ऑफिसच्या मेलमध्ये बिनधास्त वापरा. पेपरात मात्र ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहा, तपासणारा कोण असेल सांगता येत नाही.