किल्ली कोणाकडे आहे, ते आधी बघ

प्रिय बाळा,
सप्रेम जयभीम.

तुझी लांबलचक मेल वाचली. अटलांटात काळ्या लोकांच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चला गेलास. तिथले मुख्य पाद्री राफाएल वॉरनॉक हे 2021 पासून अमेरिकेचे सिनेटर आहेत, हे कळल्यावर तुझी झोप उडाली. ‘आपल्याकडे एखादा महाराज निवडणुकीला उभा राहिला की आपण बोंब मारतो, मग इथे मी टाळ्या का वाजवल्या?’ असं विचारतोस.

वाजवल्यास ते बरंच केलंस. पण का वाजवल्यास ते तुझं तुलाच ठाऊक नाही, हे मला खटकलं. धर्म राजकारणात असावा की नसावा, हा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतला विषय झाला. सभागृह कोणाचं, किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरतं, हे आधी बघावं, असं तुला किती वेळा सांगितलंय!

फिलाडेल्फियापासून सुरुवात कर. गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या माणसांना मध्येच ओढून उठवलं. त्या गटातले रिचर्ड ॲलन स्वतःचे पैसे मोजून गुलामीतून सुटलेले होते. 1794 मध्ये त्यांनी आपलं बेथेल चर्च उभं केलं. तरी गोरे मेथडिस्ट त्या इमारतीवर आणि तिथल्या व्यासपीठावर हक्क सांगतच राहिले. कोर्टकज्जे झाले, आणि 1816 मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ निघाला. देव दोन्हीकडे एकच होता, बायबलही एकच. भांडण किल्लीचं होतं.

बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्या लोकांनी केलेला माँटगोमेरीचा बस बहिष्कार तुला पाठ आहे, असं तू म्हणतोस. पाठ असेल, पण नीट बघितला नाहीस. बसमध्ये गोऱ्याला जागा दिली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली, पण खाली स्वतःचं नाव घातलं नाही. कॉलेज सरकारी होतं, नोकरी गेली असती. सव्वीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांना मात्र नाव लपवायचं कारण नव्हतं, कारण त्यांचा पगार डेक्स्टर अव्हेन्यूच्या चर्चची मंडळी देत होती. 5 डिसेंबर 1955 ची सभा होल्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये झाली, ती कोणाच्या परवानगीवाचून. पुढे लोकांची ने-आण करायला गाड्या घेतल्या, त्याही चर्चच्या नावावर. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी घरी चिकन तळून, गोड पाई भाजून विकायच्या आणि पैसे सभेत आणून द्यायच्या. कोणाकोणाचे, ते सांगायचं नाही. त्यातल्या कितीतरी जणी गोऱ्यांच्या घरी कामाला जात. 381 दिवस हे चाललं. तू म्हणतोस ‘श्रद्धेची ताकद’. असेलही. मला त्यात डब्यातले पैसे दिसतात.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बेंजामिन मेज या कृष्णवर्णीय अभ्यासकाने जोसेफ निकल्सन यांच्यासोबत शेकडो कृष्णवर्णीय चर्चची पाहणी करून 1933 मध्ये ती छापली. चर्च ही त्या समाजाच्या पूर्ण मालकीची पहिली सार्वजनिक संस्था, असं त्यांनी त्यात म्हटलंय. हेच मेज 1936 च्या अखेरीला आपल्या वर्ध्याला गांधींना भेटायला आले होते. नागपूरकर असून मला हे कोणी सांगितलं नव्हतं, ते राहू दे.

आता तू लगेच म्हणशील, मग सगळी चर्च लढली का? अजिबात नाही! नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या काळ्या चर्चच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष जे. एच. जॅक्सन यांचा किंग यांच्या आंदोलनाला विरोध होता. 1961 मध्ये त्यावरून संघटना फुटली. पुढे शिकागोत त्यांच्या चर्चसमोरच्या रस्त्याला किंग यांचं नाव दिलं, तर या गृहस्थांनी चर्चचा पत्ताच बाजूच्या रस्त्यावर नेला. म्हणजे किल्ली आपल्या समाजाकडे असणं पुरत नाही, समाजात ती कोणाच्या कमरेला आहे तेही बघायचं. एला बेकर यांनी किंग यांच्या संघटनेचं ऑफिस उभं केलं, पण त्या बाई होत्या आणि पाद्री नव्हत्या. 1960 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात जमलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं की कोणाची शाखा होऊ नका, स्वतःची संघटना काढा. चर्चमध्ये बाकं भरायची बायकांनी आणि व्यासपीठावर बसायचं पुरुषांनी, हे त्यांनी आतून पाहिलं होतं.

किल्ली हातात असण्याची किंमतही मोजावी लागते. बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमधून मोर्चे निघत. 15 सप्टेंबर 1963 ला तिथे बॉम्ब फुटला, चार मुली गेल्या.

आपल्या वस्तीतल्या विहाराचं तुला आठवत असेल. नगरसेवकाच्या निधीतून स्लॅब पडत होता आणि मी आडवा पडलो. हट्टी म्हातारा म्हणून माझं नाव झालं. पत्रे अजून गळतात, अभ्यासिकेतली पुस्तकं भिजतात, मुलं कोपऱ्यात सरकून बसतात. ते बघून पोटात तुटतं, खोटं कशाला बोलू? पण पाणीपट्टीविरुद्धची सभा त्याच पत्र्याखाली झाली. पलीकडच्या वस्तीत फरशी आहे, पंखे आहेत, नगरसेवकाच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. त्यांना त्या सभेसाठी हॉल मिळाला नाही. ‘विहारात राजकारण नको’ म्हणे. वर्गणीची वही मी आजही स्वतः तपासतो. लोक हसतात. हसू देत.

बाबासाहेबांनी 1956 मध्ये धम्म दिला तो घरात बसायला नव्हे, हे तुला मी सांगायला नको. म्हणून म्हणतो, तुझ्या प्रबंधातलं ‘धर्म आणि लोकशाही’ हे प्रकरण आधी काढून टाक. वॉरनॉक यांची भाषणं यूट्यूबवर कधीही ऐकता येतील. येत्या रविवारी कुठल्यातरी लहान, साध्या चर्चमध्ये जा, आणि प्रार्थना झाल्यावर तळघरातल्या स्वयंपाकघरात जा. भांडी घासायला लाग. छप्पर दुरुस्तीचे पैसे कुठून आले, चेकवर सही कोणाची असते आणि मतदानाला म्हाताऱ्यांना नेणाऱ्या बसचं भाडं कोण देतं, हे तिथल्या बायकांना विचार. रेकॉर्डिंग करू नकोस, फोन खिशातच राहू दे. त्या तुलाच चार प्रश्न विचारतील, आपल्या विहाराबद्दलही विचारतील. गळतं हे लपवू नकोस.

तुझा,
सर