पॉडमध्ये पहिली रात्र? आधी हे वाचा

मुलांना घेऊन दोन दिवस मुंबई करायची आणि रात्री पॉडमध्ये, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यात, झोपायचं, हा बेत छान आहे. मुंबई सेंट्रल स्टेशनातलं पॉड हॉटेल नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथे ४८ पॉड होते. बारा तासांसाठीही जागा मिळते, हे कुटुंबाला फार सोयीचं.

पण पॉड म्हणजे खोली नव्हे. रेल्वेच्या बर्थला चारी बाजूंनी भिंत घातली तर कसं होईल, तसं. आत दिवा, चार्जिंग, एसी असतो. बाथरूम मात्र सामायिक. म्हणून बुकिंगआधीच फोन करून दोन गोष्टी विचारा: लहान मुलाला आईजवळ झोपू देतात का, आणि खालचा पॉड मिळेल का. आजी बरोबर असतील तर हे विचाराच, वर शिडीने चढावं लागतं. बंद जागेत कुणाला गुदमरत असेल, तर हट्ट करू नका, साधी खोली घ्या. आमच्या धाकटीला पहिल्या रात्री भीती वाटली होती. तिची रोजची गोधडी नेली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या बॅगा नकोत. पुण्याहून येत असाल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरा. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघा.

सकाळी लवकर राणीची बाग गाठा, पेंग्विन मुलांना आवडतातच. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवार-सोमवार जोडसुट्टी असेल तर लेणी रविवारीच उरका.