ग्राफिक्स कार्ड नवं की जुनं? पैसे देण्याआधी हे वाचा

कॉम्प्युटरचं चित्र पडद्यावर उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाबद्दल इंदूरच्या वाचकांकडून दर आठवड्याला फिरून तोच गोंधळ येतो, म्हणून चार प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (सुदामा नगर) : आरटीएक्स ३०६०, १२ जीबी आहे. ५०६० घेऊ का?

नको. ५०६० वेगवान आहे, पण त्यात ८ जीबीच मेमरी. पैसे मोजून १२ वरून ८ वर कशाला उतरायचं? बदलायचंच असेल तर ५०६० टीआय, तेही १६ जीबीचं. त्याच नावाने ८ जीबीचंही विकतात. बिलावर आकडा लिहून घ्या.

प्रश्न (राजवाडा) : जीटीएक्स १०६० काढून ४०६० लावलं तर जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) पुरेल का?

वीज पुरेल. १०६० ला १२० वॅट लागतात, ४०६० ला ११५. पण १०६० ला बहुधा सहा पिनांची वायर असते आणि ४०६० ला आठ पिनांची लागते. एसएमपीएस बिननावाचा असेल तर कॅबिनेट उचलून टेक्निशियनकडे न्या.

प्रश्न (तिलक नगर) : १०५० टीआय स्वस्तात मिळतंय. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं, मागे निळं व्हीजीए पोर्ट असल्याने जुना मॉनिटरही थेट लागतो. मायनिंगचं (क्रिप्टो चलन कमवायला सतत राबवलेलं) नाही म्हणे. घेऊ?

पैसे दिले नसतील तर देऊ नका! १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, मग ते निळं पोर्ट आलं कुठून? कार्डाचा बायोस, म्हणजे त्याचं नाव सांगणारा आतला प्रोग्राम, पुन्हा लिहिता येतो. २०१० सालचं जीटीएस ४५० घ्यायचं, त्यात नवं नाव भरायचं, चकचकीत पंखा लावून विकायचं, हा धंदा वर्षानुवर्षं चालू आहे. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ओळखता आलेल्या खोट्या कार्डाच्या नावाआधी ते चक्क ‘फेक’ लिहितं. आरएक्स ५८० कार्ड घेतानाही त्यातच शेडर्स, म्हणजे चिपमधली आकडेमोड करणारी एककं, किती आहेत ते बघा. २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ते दुबळं भावंड आहे, भाव त्या हिशेबाने करा.

आणि मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं, ही ऐकीव गोष्ट सोडा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. त्यांची चिप बहुधा ठीक असते. झिजतात पंखे, वाळतात मेमरीवरचे उष्णता ओढून घेणारे थर्मल पॅड, आणि दोन्ही बदलता येतात. ‘घरी फक्त मुलगा खेळायचा’ या वाक्यावर मात्र एक रुपया जास्त देऊ नका. कार्ड अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा, तापमान बघा, पडद्यावर ठिपके उमटतात का बघा. चालवून दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. जमत नसेल तर ओळखीचा रिपेअरवाला सोबत न्या.

प्रश्न (रामबाग) : टॅली आणि यूट्यूबसाठी कार्ड लागतं का?

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर नाही. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तेव्हा साधं कार्ड लागेल. प्रोसेसरचं नाव बघून मगच सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारात जा.