नाशिकहून केदारकंठाला निघालोय. हिमस्खलनात सापडलो तर वाचायला काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हरिहर, साल्हेर पायाखालचे आहेत, बर्फात मात्र पहिल्यांदाच जाताय; आणि रेस्क्यू टीम किती वेळात पोहोचते, हे तुम्हाला हवंय. टीमच्या भरवशावर राहू नका. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर तिघांतला एखादाच. गारठ्याच्या आधी गुदमरूनच माणूस जातो. एवढ्या वेळात हाताशी असतात ते फक्त सोबतचे.

सियाचीनचं उदाहरण हमखास निघतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले, पण ११ तारखेला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडमधल्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ पैकी ४६ वाचले, कारण बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि आत हवा होती. आपल्या अंगावर फक्त जॅकेट असतं.

म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: बीकन (सिग्नल पाठवणारं आणि दुसऱ्याचा सिग्नल शोधणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. बीकन सॅकमध्ये ठेवू नका, जॅकेटच्या आत अंगाला बांधा, मोबाइल त्याच्यापासून लांब. कुणी गाडलं गेलं तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत धरा आणि तिथून उताराच्या खालच्या बाजूला शोधा. बाकी सगळ्यांनी बीकन शोधण्याच्या मोडवर टाकायचे. एकाचा जरी बीकन सिग्नल पाठवत राहिला तरी सगळे त्याच्याकडेच धावतात. सिग्नल सर्वांत जवळचा वाटेल तिथे प्रोब उताराच्या पृष्ठभागाशी काटकोनात खुपसा. माणूस लागला की प्रोब काढू नका. खणायचं थेट वरून नाही, खालच्या अंगाने आडवं, म्हणजे त्याच्या श्वासाची पोकळी पायाखाली दबत नाही. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हाताने उकरण्यात वेळ घालवू नका. आधी तोंड, मग छाती मोकळी करा. श्वास चालू नसेल तर तिथेच कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करा. हातपाय चोळत बसू नका.

याचा सराव नाशिकमध्येच होतो. एखाद्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात पिशवीत बीकन पुरा आणि घड्याळ लावून शोधा. पहिल्या खेपेला लागणारा वेळ बघून घाम फुटेल.

स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या टाकून द्या, कडेला सरकायची धडपड करा. प्रवाह मंदावला की हात तोंडासमोर आणा. एकदा बर्फ बसला की बोटही हलत नाही.

आणि एक खास सह्याद्रीवाल्यांसाठी. आपल्याला नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, चढायची सवय असते. बर्फात नाळ म्हणजे हिमस्खलनाची हक्काची वाट. धारेवरून किंवा दाट झाडीतून चला. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, त्यातही ताजा बर्फ पडून वारा सुटल्यावर. असा उतार ओलांडायचाच झाला तर एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघत राहायचं. ट्रेक कंपनीला पैसे भरण्याआधी विचारा: बीकन किती जणांना देता आणि लीडर ते वापरून दाखवतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा.