पहिली ली-एनफिल्ड घेताना

अरे, ली-एनफिल्ड ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, तिच्या लाकडाच्या चकाकीवर भाळू नकोस. तिचं .३०३ काडतूस भारतात सामान्य माणसाला निषिद्ध. इथे अमेरिकेत मिळते, म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. तिचं नंबर ४ मॉडेल बघायला गेलास की आधी बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या भागाच्या) दांड्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवून बघ. नसेल जुळत, तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर) मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. या मॉडेलची बोल्टहेड, म्हणजे बोल्टची पुढची टोकं, ० ते ३ अशा मापांत यायची, त्यामुळे दुरुस्ती बहुधा होते. ईशापूरची २ए१ हाती आली तर लक्षात ठेव, ती दिसायला जुन्या नंबर १ मार्क ३ मॉडेलसारखी, पण काडतूस ७.६२ नाटोचं.

लांबचा नेम नळीवर ठरतो. युद्धकाळातल्या नळ्या सारख्या मापाच्या नाहीत. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत पार कर, मायक्रोमीटरने मोज आणि त्यावरून बुलेट निवड. बहुतेकांना .३११ किंवा .३१२ इंच व्यासाची लागते. .३०८ ची स्वस्त बुलेट घातलीस की कागदावर नुसता सडा पडेल. मी एक अख्खा उन्हाळा दोष साइटला (नेम धरायच्या पट्टीला) देत बसलो होतो!

साइटवर १३०० यार्डांपर्यंत आकडे आहेत, असू देत. तू १०० पासून सुरू कर.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून (ठिणगी देणाऱ्या टोपीतून) क्षार उरतात, त्यानं नळी गंजते. त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओत, कोरडी कर, मग तेल. लाकडाला फक्त जवसाचं तेल. पॉलिशपेपर घरातसुद्धा ठेवू नकोस.