घरच्या टर्नटेबलसाठी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग; यात सुईबरोबर चुंबक हलतं) घ्यावं की मूव्हिंग कॉइल (यात तारेची गुंडाळी हलते)?

मूव्हिंग मॅग्नेटच घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या सुईवर घाला. ते साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट सिग्नल देतं, जो अ‍ॅम्प्लिफायरच्या नेहमीच्या ४७ किलोओहमच्या फोनो इनपुटला (टर्नटेबल जोडायच्या जागेला) थेट चालतो. कमी आउटपुटचं मूव्हिंग कॉइल जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट देतं. त्याला सुमारे २० डेसिबल जास्त गेन (सिग्नलची वाढ) लागतो, आणि फोनो स्टेज, म्हणजे ही वाढ करणारं सर्किट, साधारण असेल तर गाण्याच्या शांत भागात खरखर ऐकू येते. शिवाय मॅग्नेटवाल्याची झिजलेली सुई घरीच बदलता येते. कॉइलवाल्यात बहुधा अख्खं कार्ट्रिज जातं. कानाला खरा फरक जाणवतो तो सुईच्या आकाराचा. गोल टोकाच्या सुईवर रेकॉर्डच्या मध्याजवळच्या गाण्यांत ‘स’, ‘श’ फाटतात. एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) बरी, मायक्रोलिनियर (अगदी बारीक धारेच्या टोकाची) त्याहून कितीतरी स्वच्छ. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ मालिकेत या तिन्ही सुया एकाच बॉडीवर बसतात, म्हणून सुरुवातीला मी तीच सुचवेन. मात्र जड टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि कॉइलसाठीचा उत्तम फोनो स्टेज आधीच असेल, तर मूव्हिंग कॉइल जरूर ऐकून पाहा.